बॅन्फला जाताना: आधी ऋतू ठरवा, मग तिकीट काढा

कॅनडातल्या बॅन्फ गावाच्या अगदी पाठीशी टनेल माउंटन नावाची एक टेकडी आहे. तिच्यात बोगदा नाही. रेल्वेच्या सर्वेक्षकांनी एकदा तसा बेत केला होता, तो बारगळला, नाव तेवढं चिकटून राहिलं. गावातली माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला तिच्यावर जातात. माथा १,६९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ४६ मीटरनं उंच. तिथून पाऊण तासावर असलेल्या लेक लुईझचं पाणीच मुळी साधारण १,७३० मीटरवर आहे. काठावरच्या बाकावर बसलात तरी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा वर असता.

हे आकडे ऐकून सह्याद्रीत फिरलेला माणूस एकतर घाबरतो किंवा फुशारतो. दोन्हीची गरज नाही. बॅन्फच्या नेहमीच्या वाटा रुंद, आखलेल्या, पाट्या लावलेल्या आहेत. विरळ हवेचा त्रास इथे बहुतेकांना होत नाही. माणसं फसतात ती वेगळ्याच गोष्टींत: चुकीच्या महिन्यात येणं, जागा आधी न राखणं आणि परत फिरायची वेळ न पाळणं. हा लेख मुख्यतः त्या तीन गोष्टींबद्दल आहे.

एका नावाची दोन उद्यानं

बॅन्फ हे कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १८८३ मध्ये रेल्वेच्या तीन कामगारांना गरम पाण्याचे झरे सापडले, १८८५ मध्ये सरकारनं त्याभोवतीची थोडी जमीन राखीव केली आणि पुढे ती वाढत वाढत आज ६,६४१ चौरस किलोमीटर झाली. एवढ्या पसाऱ्यात दरवर्षी लोक साधारण त्याच दहा-बारा ठिकाणी गर्दी करतात.

उन्हाळ्यातलं बॅन्फ आणि हिवाळ्यातलं बॅन्फ ही दोन वेगळी उद्यानं समजा. एकाच सहलीत चढाईच्या उंच वाटाही करू आणि स्कीइंगही करू, असा बेत करणारे मे महिना निवडतात आणि दोन्हीकडून थोडे थोडे नाराज होऊन परततात. मी पहिल्यांदा गेलो तो मेच्या मध्यात. आपल्याकडे तेव्हा उन्हाची काहिली असते, म्हणून तिथेही उन्हाळा असेल असं गृहीत धरलं. लेक लुईझच्या काठी पोहोचलो तर फोटोतल्या निळ्या पाण्याच्या जागी पांढरं मैदान! तळ्यावरचा बर्फ सर्वसाधारणपणे जूनच्या सुरुवातीला वितळतो. उंच खिंडींतला बर्फ तर जुलै उजाडला तरी रेंगाळतो.

तो निळा रंगही वर्षभर सारखा नसतो. हिमनदी खालचा खडक घासत सरकते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतं आणि तरंगत राहतं. त्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून पाणी फिरोजी दिसतं. वितळण सुरू झाल्याशिवाय चूर्ण येणार नाही. लेक लुईझजवळचं मोरेन लेक तर जूनच्या उत्तरार्धापर्यंत पुरतं भरलेलंही नसतं.

तेव्हा निवड अशी करा. पायी फिरायचं असेल तर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त. माझी पसंती सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा, कारण तेव्हा लार्चची झाडं सोनेरी होतात. लार्च सूचिपर्णी असूनही पानगळीचा, त्यामुळे एरवी हिरव्याकंच डोंगरावर त्या दिवसांत पिवळे पट्टे पेटल्यासारखे दिसतात. हा सोहळा जेमतेम दोन आठवडे चालतो. स्कीइंग करायचं असेल तर नोव्हेंबर ते मे असा लांबलचक हंगाम आहे, पण डिसेंबर-जानेवारीत दिवस आठ तासांचा आणि थंडी कधीकधी उणे ३० अंशांपर्यंत. नवशिक्यानं फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च निवडावा: बर्फ भरपूर, ऊन जास्त वेळ, बोटं कमी बधिर.

घरी बसून करायची कामं

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो आणि त्याला लागणारा वेळ कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काहीही राखून ठेवू नका. गाडी चालवणार असाल तर इथल्या आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. प्रवास विमा घेताना कागदावरची बारीक अक्षरं वाचा: कित्येक पॉलिसींत स्कीइंग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं असतं. मोडलेल्या पायाचं कॅनडातलं हॉस्पिटलचं बिल स्वतः भरायची वेळ येऊ देऊ नका.

विमानतळ कॅलगरीचा. तिथून बॅन्फ गाव गाडीनं दीड-पावणेदोन तास, आणि पुढे लेक लुईझ आणखी सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटर. विमानतळावरून थेट बसही मिळतात.

उद्यानात थांबायचं तर प्रवेशपास लागतो. तो पार्क्स कॅनडा ही सरकारी संस्था देते. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो फुकट. एक दिवसाचा पास दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत चालतो, हे लक्षात ठेवलं तर एका पासात दोन सकाळी बसवता येतात. आठवडाभर किंवा जास्त राहणार असाल तर वर्षभराचा डिस्कव्हरी पास परवडतो, आणि कुटुंबाचा घेतलात तर एका गाडीतल्या सात जणांपर्यंत सगळे त्यात येतात. याच पासावर शेजारची जॅस्पर, योहो आणि कूटनी ही उद्यानंही पाहता येतात.

मुक्काम बॅन्फ गावात ठेवावा की लेक लुईझला, हा प्रश्न सगळे विचारतात. लेक लुईझ वाटांना जवळ, पण वस्ती चिमुकली आणि खोल्या महाग. बॅन्फ गावात दुकानं, भाड्यानं साहित्य, बस सगळं हाताशी. खिसा सांभाळायचा असेल तर उद्यानाच्या वेशीबाहेरचं कॅनमोर. तिथून बॅन्फला बस आहे.

मोरेन लेकची जागा कशी मिळवायची

या एका गोष्टीवर बरेच बेत मोडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोरेन लेकच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. भाड्याची गाडी घेऊन पहाटे चारला गेलात तरी नाक्यावरून परत पाठवतील. जायचं ते शटलनं, बसनं, सायकलनं किंवा परवानाधारक टूरवाल्याबरोबर. रस्ताही फक्त जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडा असतो. लेक लुईझला गाडी नेता येते, पण पार्किंगला पैसे पडतात आणि उन्हाळ्यात ते सूर्योदयाच्या आसपासच भरतं.

पार्क्स कॅनडाचं शटल लेक लुईझच्या स्की रिसॉर्टच्या आवारातून सुटतं. तिथे गाडी लावायची आणि बसायचं. त्याच तिकिटात दोन तळ्यांमध्ये ये-जा करणारी जोडबस मिळते. म्हणजे दोन्ही तळ्यांची वेगवेगळी तिकिटं काढायची गरज नाही: ज्या तळ्याची वेळ मिळेल ती घ्या, दुसरं जोडबसनं करा. अनेकांना हे माहीत नसतं आणि ‘मोरेन फुल्ल’ बघून ते हताश होतात.

तिकिटं दोन टप्प्यांत निघतात. काही जागा वसंत ऋतूत संपूर्ण हंगामासाठी एकदम खुल्या होतात, उरलेल्या प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी तिथल्या सकाळी आठला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. खातं आधी उघडून ठेवा, कार्ड हाताशी ठेवा, आणि आठच्या ठोक्याला ‘कोणती वेळ घेऊ’ हा घरगुती वाद सुरू करू नका. तो आदल्या रात्रीच मिटवा. चढाई करणार असाल तर सकाळची सर्वात लवकरची वेळ घ्यायची, एवढं ठरलेलं असू द्या.

शटल हुकलंच तर रोम नावाची स्थानिक बससेवा बॅन्फहून लेक लुईझला जाते. तिच्याही जागा आधी राखता येतात.

पायी वाटा, चढत्या क्रमानं

वेळेचा फरक अंगात मुरलेला असतो, झोप पहाटे तीनला उडते. पहिल्या दिवशी मोठं काही नको. टनेल माउंटन करा: एका बाजूनं साधारण अडीच किलोमीटर, अडीचशे मीटरची चढण. बूट कुठे चावतात हे इथेच कळलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी जॉन्स्टन कॅन्यन. अरुंद घळीच्या कड्याला बसवलेल्या लोखंडी मार्गिकांवरून पाण्याच्या वरून चालायचं. खालचा धबधबा सव्वा किलोमीटरच्या आत, वरचा अडीच किलोमीटरवर. बहुतेक गर्दी इथून मागे फिरते. तुम्ही फिरू नका. वाट वर चढून इंक पॉट्स नावाच्या हिरव्या-निळ्या झऱ्यांच्या कुंडांपाशी जाते, सुरुवातीपासून सहा किलोमीटरच्या जरा आत. कुंडांपेक्षा मला तिथलं मोकळं कुरण आवडतं.

तिसरा दिवस लेक लुईझचा. काठावरून लेक ॲग्नेसची वाट निघते, साडेतीन किलोमीटर, चारशेच्या आसपास मीटर चढ. वर टी-हाउस आहे. १९०१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं ते वाटसरूंना निवारा म्हणून बांधलं. नऊनंतर गेलात तर चहासाठी रांग लावावी लागेल, म्हणून उजाडताच निघा. पायात दम उरला असेल तर तिथूनच आडव्या वाटेनं ‘सिक्स ग्लेशियर्स’च्या पठाराकडे उतरता येतं. तिथेही एक चहाघर आहे, आणि समोरच्या कड्यांवरून हिमनदीचे तुकडे कोसळल्याचा गडगडाट ऐकू येतो. आवाज येईपर्यंत तुकडा पडून झालेला असतो. पहिल्यांदा ऐकणारे सगळे आभाळाकडे बघतात.

चौथ्या दिवशी पाय तयार झालेले असतात, तेव्हा मोरेन लेकहून लार्च व्हॅली आणि पुढे सेंटिनल पास. दरीपर्यंतची वाट जंगलातून नागमोडी चढते, मग झाडी संपते आणि दहा शिखरांची रांग समोर उभी राहते. खिंड २,६११ मीटरवर, तळ्यापासून सातशेहून जास्त मीटर चढ. शेवटचा टप्पा घसरड्या दगडगोट्यांचा आहे. खिंडीच्या पलीकडे उतरू नका. पलीकडची उतरण वेगळ्याच तयारीची आहे, आणि शटल तर अलीकडच्या बाजूलाच उभं असतं. दरीपर्यंत गेलात आणि खिंड राहिली तरी बिघडत नाही. लार्च खालीच आहेत.

पाचवा दिवस मी राखीव ठेवतो. चारपैकी एक दिवस पावसात जातोच.

आता सह्याद्रीतल्या सवयींबद्दल. आपल्याला शॉर्टकटची खोड असते: वळणावळणाची वाट दिसली की नाकासमोर चढायचं. तिथे ते करू नका. वाट सोडली की पायाखाली भुसभुशीत खडी असते. ती खाली चालणाऱ्यांच्या डोक्यावर जाते आणि वर्षाचे जेमतेम काही आठवडे वाढणारी झुडपं तुडवली जातात. दुसरी सवय, ‘आता आलोच आहोत तर माथा गाठूच.’ निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा, म्हणजे समजा दुपारचा एक. एक वाजला की जिथे असाल तिथून मागे. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग उभे राहतात, वीज कडाडते, आणि झाडरेषेच्या वर तुम्ही सगळ्यात उंच वस्तू असता. जुलैतही गारा किंवा भुरभुर बर्फ पडू शकतो. तिसरी सवय सुती टी-शर्टची. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वारा सुटला की अंगावर ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. आतून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. टोपी, हातमोजे आणि हेडटॉर्च ऑगस्टमध्येसुद्धा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळून प्या, जंतूंना काचेसारखं पाणीही चालतं.

फोनवर विसंबू नका. गावं आणि मुख्य महामार्ग सोडले की रेंज जाते. नकाशा आधी उतरवून घ्या, आणि कुठली वाट, किती वाजता परत, हे मागे राहणाऱ्या कुणाला तरी सांगून जा. लांबच्या वाटा करणार असाल तर उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र भाड्यानं घेण्यासारखं आहे.

अस्वलं, आणि त्याहून जास्त दिसणारे एल्क

बॅन्फमध्ये साधारण पासष्ट ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं आहेत, काळी अस्वलं वेगळी. दिसतीलच असं नाही, पण ती आहेत असं समजूनच चालायचं. मुख्य युक्ती एकच: त्यांना दचकवायचं नाही. वळणावर, वाहत्या पाण्याजवळ, दाट झुडपांत आवाज करत जा. बॅगेला घंटा बांधून काही होत नाही, माणसाचा आवाज हवा. आमच्यातला एक जण वारीला जाणारा. तो ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणत चालायचा, आम्ही मागून टाळ्या. अस्वलं किती पांगली ठाऊक नाही, पण चढ जाणवला नाही.

बेअर स्प्रे घ्याच. विमानात तो चढवता येत नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या, म्हणून बॅन्फमध्येच विकत किंवा भाड्यानं घ्यावा लागतो. बॅगेच्या तळाशी ठेवलेला स्प्रे निरुपयोगी. तो कमरेला किंवा छातीवरच्या पट्ट्याला हवा, आणि टोपण काढून कसा दाबायचा हे दुकानातच विचारून घ्या. हा मिरचीचा फवारा आहे, येणाऱ्या अस्वलाच्या तोंडावर अगदी जवळून मारायचा असतो. डासांच्या औषधासारखा स्वतःच्या अंगावर मारून घेणारे महाभागही असतात. तसं करू नका.

अस्वल दिसलं तर पळू नका. शांत, खालच्या आवाजात बोलत, बॅग पाठीवर ठेवूनच मागे सरका. मुलांना उचलून घ्या. अस्वल, लांडगा, प्यूमा यांच्यापासून किमान १०० मीटर अंतर ठेवायचं. एल्क (सांबरासारखं थोराड हरीण), इतर हरणं, डोंगरी मेंढ्या यांच्यापासून ३० मीटर. या दुसऱ्या आकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात. एल्क गावातल्या हिरवळीवर गायीसारखा चरत असतो, म्हणून त्याच्याबरोबर फोटो काढायला जातात. सप्टेंबरमधला माजावर आलेला नर आणि मे-जूनमधली पिल्लाची आई दोघंही धावून येतात.

काही वाटांवर, लार्च व्हॅली त्यातलीच एक, ग्रिझलींचा वावर वाढला की किमान चार जणांचा घट्ट गट असल्याशिवाय जायला कायद्यानं मनाई होते. दोघंच असाल तर सुरुवातीच्या पाटीपाशी थांबा, तुमच्यासारखे आणखी दोघं येतातच. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर मात्र वाद न घालता दुसरी वाट धरा. निघायच्या सकाळी पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावरचा वाटांचा अहवाल वाचायचा, हे नाश्त्याइतकंच नेमानं.

खाणं कधीच उघड्यावर सोडू नका. दशम्या-चटणीचा डबाच काय, टूथपेस्ट आणि रिकामा ज्यूसचा डबाही बंद गाडीत किंवा तंबूतळावरच्या लोखंडी पेटीत. माणसाच्या खाण्याची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी बहुतेकदा मारावं लागतं.

रस्त्यावरून जाताना महामार्गाच्या वरून गेलेले, झाडं लावलेले रुंद पूल दिसतील. ते माणसांसाठी नाहीत. असे सहा पूल आणि अडतीस भुयारी मार्ग फक्त जनावरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून बांधले आहेत.

पहिल्यांदाच स्कीवर उभं राहताना

उद्यानाच्या हद्दीत तीन स्की रिसॉर्ट आहेत. नॉरक्वे गावाला सर्वांत जवळचं, लहान, १९२६ पासूनचं. सनशाइन व्हिलेजला गाडी खाली लावून गोंडोलानं, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यानं वर जायचं. ते उंचावर असल्यामुळे हंगाम नोव्हेंबरपासून थेट मेच्या उत्तरार्धापर्यंत टिकतो, आणि सर्वांत वरची लिफ्ट २,७३० मीटरवर सोडते. लेक लुईझ सर्वांत मोठं. त्याचा पायथाच १,६४६ मीटरवर, नेमका कळसूबाईच्या माथ्याएवढा. तिन्हीकडे चालणारं एकत्र तिकीट मिळतं, आणि आधी ऑनलाइन काढलेलं खिडकीवरच्यापेक्षा स्वस्त पडतं.

नवशिक्यानं पहिला दिवस नॉरक्वेला घालवावा असं मला वाटतं. मोठ्या रिसॉर्टचं तिकीट काढून दिवसभर पायथ्याच्या बालउतारावर पडत राहण्यात अर्थ नाही.

सुरुवात बुटांपासून. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे असतात, त्यात पाय घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की जराशी मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून मी दोन जाड मोजे घातले होते. रक्तच अडलं आणि दुपारपर्यंत बोटं दगड झाली. भाड्याच्या दुकानात वजन, उंची आणि आपण किती कच्चे आहोत हे खरं सांगा. बूट स्कीतून सुटायचा ताण त्यावरच बेततात. तो चुकला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. हेल्मेट आणि गॉगल वगळू नका. बर्फावरून परतलेलं ऊन हनुवटीखालूनही चेहरा भाजतं.

मग शिकवणी. मित्र शिकवतो म्हणाला तरी पहिला दिवस प्रशिक्षकाबरोबरच. आधी एकाच पायावर स्की घालून सरकायचं, मग दोन्ही, मग पुढची टोकं जवळ आणि मागची लांब असा पाचर घालून वेग मारायचा. वजन मागे टाकावंसं वाटतं, ते टाकलं की स्की हाताबाहेर जाते. नडग्या बुटाच्या जिभेवर दाबून धरा, नजर पायांवर नको, जिकडे जायचं तिकडे ठेवा. पडणार असं वाटलं तर बाजूला बसल्यासारखं पडा. उठताना स्की उताराला आडवी करा, नाहीतर उठेपर्यंत निघालेले असाल.

खुर्चीच्या लिफ्टची सगळ्यांनाच धास्ती असते. चालकाला नुसतं सांगा की पहिलीच वेळ आहे, तो ती हळू करतो. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून काठ्या एका हातात धरा, उतरताना स्कीची टोकं वर करा आणि उतरल्यावर तिथेच थांबून फोटो काढू नका, मागची खुर्ची येतेच आहे.

उतारांना रंग असतात: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळी, पत्त्यांतल्यासारखी चौकट अवघड, दोन काळ्या चौकटी आपल्या नव्हेत. पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्यानं टाळायचं. थांबायचं तर कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल असं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरव्या वाटेवर न पडता वळता यायला लागलं की लेक लुईझला जा. तिथे जवळजवळ प्रत्येक लिफ्टच्या माथ्यावरून एक सोपी वाट खाली येते, त्यामुळे मिसळलेल्या कुवतीच्या गटाला सोयीचं. सनशाइनला मात्र दिवसाच्या शेवटी एक मोह होतो: व्हिलेजपासून पार्किंगपर्यंत स्कीनं उतरायचा. दमलेल्या पायांनी, गर्दीत, कडक झालेल्या बर्फावर. नवशिक्यानं निमूट गोंडोलात बसावं. जास्तीत जास्त अपघात ‘शेवटची एक फेरी’ म्हणतानाच होतात, असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो.

उतारावरून घसरायचं नसेल तर क्रॉस-कंट्री स्की आहे: हलके बूट, मोकळी टाच, सपाटीवर चालल्यासारखं. हिवाळ्यात मोरेन लेकचाच रस्ता त्यासाठी सारखा करून ठेवतात. साधारण आठ किलोमीटरवरच्या दर्शनस्थळापर्यंत जाता येतं. त्यापुढे तळ्याकडे जाऊ नका, कारण तो पट्टा हिमस्खलनाच्या वाटेत आहे.

रिसॉर्टची दोरी जिथे संपते

रिसॉर्टच्या आत गस्त असते, धोकादायक उतारांवरचा बर्फ स्फोटकांनी आधीच खाली पाडलेला असतो. हद्दीची दोरी ओलांडली की यातलं काहीच नाही. हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, म्हणजे नेमक्या त्याच उतारांवर जे स्कीसाठी आकर्षक दिसतात. आणि बहुतेक वेळा ते सुरू करणारा माणूस स्वतः किंवा त्याचाच सोबती असतो.

धोक्याच्या पाच पायऱ्या रोज जाहीर होतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतितीव्र. फसवी पायरी तिसरी. चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात. तिसरी ऐकायला मधली वाटते आणि जीवघेणे अपघात त्या दिवशी भरपूर होतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याची जागा सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं आणि वापरायचा सराव हवा. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्यानं कोसळते. तेवढ्या वेळात बचावपथक पोहोचत नाही. काढायचं ते सोबत्यांनीच. दोन दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला नसेल तर वाटाड्याशिवाय दोरीबाहेर जाऊ नये, यात मला दुसरं मत नाही.

हे फक्त स्कीवाल्यांपुरतं नाही. बर्फावर चालायचे जाळीदार बूट घालून गोठलेल्या लेक लुईझच्या काठानं फिरायला जाणारे लोक हौसेनं तळ्याच्या पार टोकापर्यंत जातात. ते टोक हिमस्खलनाच्या पट्ट्यात आहे. सिक्स ग्लेशियर्सची उन्हाळी वाटही हिवाळ्यात तशीच धोक्याची. हिवाळ्यात पायी फिरायला जॉन्स्टन कॅन्यन उत्तम: गोठलेले धबधबे, आणि बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे लावले की घसरायची भीती नाही. पट्टे गावात भाड्यानं मिळतात.

आइसफील्ड्स पार्कवे

लेक लुईझहून जॅस्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा हा रस्ता दोन्ही ऋतूंत करण्यासारखा आहे, पण तयारी वेगवेगळी. उन्हाळ्यात पहाटे निघा, पेयटो लेक गर्दीआधी पाहा आणि पार्कर रिजची वाट चढा: पावणेतीन किलोमीटर, अडीचशे मीटर चढ, आणि माथ्यावरून सस्कॅचेवान हिमनदीची अख्खी जीभ पसरलेली. एवढ्या कमी श्रमात एवढं दृश्य मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

हिवाळ्यात गाडीला बर्फाचे टायर कायद्यानं लागतात. भाड्याच्या गाडीला ते आपोआप असतील असं समजू नका, राखतानाच विचारा. टाकी लेक लुईझलाच भरा, मधला पंप हिवाळ्यात बंद असतो आणि वाटेत जवळपास कुठेच फोनला रेंज नाही. गाडीत ब्लँकेट, फावडं, खाणं, टॉर्च ठेवा. हिमस्खलनाच्या कामासाठी रस्ता अधूनमधून बंद करतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी जॅस्परकडून परतायचा बेत करू नका. निदान एक दिवस मोकळा सोडा.

आणि कॅलगरीला निघायच्या आधी कमरेचा स्प्रे काढा. भाड्याचा असेल तर परत द्या. विकतचा असेल आणि भरलेला असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, पुढच्या पाहुण्यासाठी तो बहुधा आनंदानं ठेवून घेतात. आम्ही आमचा त्या दिवशी सकाळीच उतरलेल्या एका जोडप्याला दिला. ते बॅगेच्या तळाशी ठेवत होते, तो पट्ट्याला अडकवून मगच बसमध्ये चढलो.